वेनिंग आलं म्हणून रेझिन वाढवलं, आणि मग ब्लो होल आले

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही कळेल. जॉब डिझेल इंजिनच्या सिलिंडर हेडचा, बिडाचा. पोर्टचे (हवा-धुराच्या वाटांचे) आणि पाण्याच्या जॅकेटचे कोअर, म्हणजे आतली पोकळी राखणारे वाळूचे तुकडे, कोल्ड बॉक्सचे, म्हणजे न तापवता गॅसने रेझिन (वाळू बांधणारा चिकट पदार्थ) कडक करून केलेले. पोर्टमध्ये वेनिंग येत होतं, म्हणजे आतल्या भिंतीवर पातळ पत्र्यासारखे पापुद्रे उभे राहत होते. कोअर कच्चा पडतोय असं समजून तुम्ही रेझिन १.२ टक्क्यांवरून १.६ वर नेलं. वेनिंग तसंच राहिलं, वर ब्लो होल, म्हणजे गॅस अडकून पडलेली भोकं, सुरू झाले. मग मेटल थंड पडतंय असं कुणीतरी सांगितलं, म्हणून ओतण्याचं तापमान १४०० वरून १४४० अंशांवर नेलं. आता वेनिंग आधीपेक्षा जास्त आहे. शिवाय ग्रीन सँडच्या, म्हणजे बेन्टोनाइट माती आणि पाण्याने बांधलेल्या ओल्या वाळूच्या, लाईनवर एका सपाट कव्हरला दुपारच्या पाळीत स्कॅब (अंगावर धातूचे खडबडीत खवले) येतात, सकाळी येत नाहीत. आणि शेवटी विचारलंय, "वाळूच बदलून टाकू का?"

वाळू लगेच बदलू नका. रेझिन मात्र आजच्या आज १.२ वर आणा, कारण ते वाढवण्याचं कारणच चुकलं होतं. कोअर हाताळताना तुटत असेल, बसवताना कडा ढासळत असतील, तर रेझिन कमी आहे असं म्हणता येतं. वेनिंग हा थंड कोअरच्या ताकदीचा दोष नाही. धातू अंगाला लागल्यावर पुढच्या अर्ध्या-पाऊण मिनिटात वाळूचं जे होतं, त्याचा तो दोष आहे. स्क्रॅच हार्डनेस (ओरखड्याला कडकपणा) आणि टेन्साइल (ताणाला ताकद) आपण सगळेच मोजतो, पण ते २५-३० अंशांना मोजतो. साचा काम करतो ते हजार अंशांच्या वर.

आता उष्णता वाळूत शिरते कशी ते बघा. वाळू उष्णतेची फार वाईट वाहक आहे, आणि म्हणूनच तिच्यात धातू ओतता येतो. ढोबळ हिशेब असा, की पहिल्या मिनिटात उष्णतेचा खरा जोर पाचसहा मिलिमीटर आत जातो. त्याच्या दुप्पट खोल जायला दुप्पट नाही, चौपट वेळ लागतो, म्हणजे चार मिनिटं. त्यामुळे धातूला चिकटलेला थर लाल झालेला असतो आणि बोटभर आतली वाळू अजून हाताला सोसेल इतकीच गरम असते. साच्यातले निम्मे दोष या दोन थरांच्या भांडणातून येतात.

भांडण लावणारा आकडा ५७३. सिलिका वाळू म्हणजे क्वार्ट्झ. ५७३ अंश सेल्सिअसला क्वार्ट्झच्या स्फटिकाची रचना बदलते, अल्फाचा बीटा होतो. त्याआधीही तो तापत तापत फुगत असतोच, पण ५७३ जवळ आल्यावर वाढ एकदम वेग घेते. साध्या तापमानापासून ६०० अंशांपर्यंत पोहोचेस्तोवर ठासलेली सिलिका वाळू लांबीत साधारण सव्वा ते दीड टक्का वाढते. त्यापुढे मात्र तिची वाढ जवळजवळ थांबते. धातूसारखं सरळ रेषेत वाढत जाणं तिला ठाऊक नाही. एक टक्का ऐकायला काहीच वाटत नाही, पण ३०० मिमी लांबीच्या सपाट कातडीला एक टक्का म्हणजे ३ मिमी. ते ३ मिमी जाणार कुठे? खालचा थर अजून थंड आहे, तो जागेवरून हलत नाही. मग एक तर कातडी फुगून सुटते, नाही तर खालच्या थराला ताण बसून तो फाटतो. कातडी सुटली की स्कॅब किंवा रॅट-टेल (उंदराच्या शेपटीसारखी बारीक रेघ). भेगेत धातू घुसला की वेनिंग. म्हणजे तुमच्या कव्हरचा स्कॅब आणि पोर्टमधलं वेनिंग ही सख्खी भावंडं आहेत. दोन वेगवेगळ्या तक्रारी म्हणून रजिस्टरच्या दोन पानांवर लिहिल्यामुळे ते ध्यानात येत नाही, इतकंच.

जॅकेटपेक्षा पोर्टमध्ये वेनिंग जास्त का, हेही यातूनच उलगडतं. जॅकेटचा कोअर ७-८ मिमी जाडीचा, दोन्ही अंगांनी धातू. तो अर्ध्या-पाऊण मिनिटात आरपार तापतो, आत थंड गाभा शिल्लकच राहत नाही. पोर्टचा कोअर जाड, त्याची कातडी ५७३ ओलांडते तेव्हा आतला भाग अजून शंभरावर असतो. जॅकेटमध्येही वेनिंग दिसलं तर जिथे बारीक भाग जाड भागाला मिळतो तिथे बोट लावून बघा. माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा तिथेच सापडतं. जॅकेटची खरी अडचण वेगळी. साचा खालून भरत असेल तर त्याचं खालचं अंग आधी तापतं, कोल्ड बॉक्सचं रेझिन गरम होताना मध्येच नरम पडतं, आणि कोअर कमानीसारखा वाकतो. नंतर मशीनिंगला भिंत एकीकडे ६ आणि एकीकडे ३ मिमी निघते, आणि आपण कोअर बसवणाऱ्याला बोल लावतो.

यात धातूच्या उचलीची भर पडते. ठासलेल्या कोअरची घनता १.६ च्या आसपास, वितळलेल्या बिडाची ७. म्हणजे बुडालेला कोअर आपल्या वजनाच्या सव्वातीन पटींहून जास्त जोराने वर ढकलला जातो. ४ किलोच्या कोअरवर १३ किलोंची उचल. नरम पडण्याची वेळ आणि उचल बसण्याची वेळ एकच असते.

आता उपायांकडे येतो. प्रत्येक उपायाची काही ना काही किंमत आहे, ती आधी ठरवूनच हात घाला.

पहिला आणि सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे तापमान परत खाली आणणं. १४४० ला कातडी ५७३ ओलांडताना आतल्या थराशी फरक आणखी वाढतो आणि धातू पातळ राहून बारीकशा भेगेतही घुसतो. ब्लो होलला ४० अंश वाढवणं हे काही वेळा लागू पडतं, हे खरं. पण तुमचे ब्लो होल थंड धातूचे नव्हतेच, ते रेझिनचे होते. त्यावर पुढे बोलू.

दुसरा, रेड ऑक्साइड. वाळूच्या वजनाच्या १ ते २ टक्के. हा लोहाचा ऑक्साइड तापल्यावर सिलिकाच्या कणांच्या कडांशी मिसळून थोडासा वितळतो आणि कातडीला लवचिकपणा देतो. फाटायच्या ऐवजी ती थोडी सरकते. रेझिनमधल्या नायट्रोजनमुळे येणाऱ्या पिनहोललाही (टाचणीएवढ्या भोकांना) त्याचा उपयोग होतो. पण तो पिठासारखा बारीक असतो, रेझिन पितो, आणि कोअरची ताकद उतरते. त्यामुळे रेड ऑक्साइड घातल्यावर रेझिन ०.१ ने वाढवावं लागलं तर चालेल. ०.४ ने नाही.

तिसरा उपाय वाळूच्या कणांत आहे. एकाच चाळणीवर गोळा होणारी, एकसारख्या आकाराची गोल वाळू दिसायला देखणी. ती छान वाहते, कमी रेझिन खाते, आणि घट्ट बसते. घट्ट बसते म्हणूनच फुगायला तिच्यात जागा राहत नाही. तीन-चार चाळण्यांवर पसरलेली, जरा कोनाकोनाची वाळू वेनिंगला जास्त सोशिक. आपल्या कोल्हापूर पट्ट्यात पुष्कळ वाळू फोंडा घाटाखालून, कासार्डे भागातून येते. ती वाईट नाही. पण प्रत्येक लॉटची धुलाई सारखी नसते. चिकणमातीचा अंश थोडा जरी वाढला तरी रेझिन तिथेच खर्ची पडतं आणि कोअर शॉपमधून ओरड येते की रेझिन वाढवा. म्हणून वाळू बदलण्याआधी मागच्या सहा लॉटचे चाळणी आणि क्ले कंटेंटचे आकडे एका कागदावर मांडा. वाळू तुम्ही न बदलताच बदललेली असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

एकदा पूर्ण तापून, जळून स्वच्छ झालेली वाळू, म्हणजे थर्मल रिक्लेम केलेली, नव्या वाळूपेक्षा कमी फुगते. तुमच्या भागात कुणाकडे अशी वाळू मिळत असेल तर पोर्टच्या कोअरसाठी निम्मी-निम्मी मिसळून बघा. वेनिंगला हा उपाय मला फार आवडतो, कारण यात गॅस वाढत नाही.

झिरकॉन आणि क्रोमाइट या वाळू म्हणजे महागडे पाहुणे. ६०० अंशांपर्यंत सिलिका जिथे सव्वा-दीड टक्का वाढते, तिथे झिरकॉन पाव टक्क्याच्या आसपास आणि क्रोमाइट अर्ध्या टक्क्याच्या आसपास. आपल्याकडे झिरकॉन केरळातल्या चवरा आणि ओडिशातल्या छत्रपूर इथल्या समुद्रवाळूतून निघतं, आणि त्याचा भाव ऐकून मालक आधी खुर्चीत नीट बसतात. सगळा कोअर झिरकॉनचा करायची गरज नाही. ज्या एका कोपऱ्यात वेनिंग येतं तेवढ्याला लावा. एक चूक मात्र सगळेच करतात. झिरकॉन सिलिकापेक्षा जवळजवळ पावणेदोनपट जड, आणि रेझिन आपण वजनावर घालतो. जुनीच टक्केवारी ठेवली तर तेवढ्याच आकाराच्या कोअरमध्ये पावणेदोनपट रेझिन जातं, आणि महागड्या वाळूत ब्लो होल येतात.

बाजारात अँटी-वेनिंग पावडरी मिळतात. काहींत लिथियम असलेलं खनिज असतं, ते रेड ऑक्साइडसारखंच कातडी नरम करतं. काहींत डेक्स्ट्रिन किंवा लाकडाचा भुसा असतो, तो जळून कणांना फुगायला जागा करून देतो. दुसऱ्या प्रकारच्या पावडरी स्वस्त, पण जळणारी प्रत्येक वस्तू गॅस सोडते. पुरवठादाराला एवढंच विचारा की यात जळणारं किती आहे. त्याने विषय बदलला तर उत्तर मिळालं असं समजा.

आता गॅस. १.२ चं १.६ म्हणजे रेझिन एक-तृतीयांशाने वाढलं, आणि गॅसही साधारण तेवढाच. ४ किलोच्या कोअरमध्ये ४८ ग्रॅमच्या जागी ६४ ग्रॅम रेझिन, आणि पहिल्या काही सेकंदांतच त्याचा धूर व्हायला लागतो. त्या धुराला बाहेर जायला दोन वाटा: कोअरच्या आतून प्रिंटकडे (साच्यात टेकणाऱ्या टोकाकडे), नाही तर धातूतून बुडबुडा होऊन वर. कुठली वाट धरायची हे दाबावर ठरतं. बिडाचा दाब काढायला कॅल्क्युलेटर लागत नाही, दर सेंटिमीटर उंचीला चौरस सेंटिमीटरमागे ७ ग्रॅम. कोअरच्या वर धातू १२ सेंटिमीटर उभा असेल तर ८४ ग्रॅम. कोअरमधला गॅस यापेक्षा जोर करू लागला की तो धातूत शिरणार, आणि वर डेकच्या (हेडच्या सपाट भिंतीच्या) खाली अडकणार. तुमचे ब्लो होल नेमके तिथेच आहेत. म्हणून साचा हळूहळू भरणं इथे घातक. धातू कोअरच्या वर लवकर चढला पाहिजे. शिंतोडे उडवत नव्हे, पण रेंगाळतही नव्हे.

व्हेंट (गॅस बाहेर जाण्याचं भोक) आहे की नाही असं मी विचारणार नाही, सगळे "आहे" म्हणतात. तो चालतोय की नाही हे बघायची सोपी रीत आहे. शेकआउटनंतर, म्हणजे साचा फोडून जॉब काढल्यावर, कोअर प्रिंटचा तुकडा शोधा आणि व्हेंटच्या भोकात बघा. गॅस त्या वाटेने गेला असेल तर भोकाच्या कडेला काळा, चिकट डांबरासारखा थर जमलेला असतो. भोक कोरडं आणि वाळूच्या मूळ रंगाचं असेल तर गॅस तिथून गेलाच नाही, दुसरीकडून गेला. एका फौंड्रीत मी दोन आठवडे रेझिनच्या मागे लागलो होतो, आणि निघालं असं की कोअर वॉशमध्ये (वर द्यायच्या पातळ लेपात) बुडवताना पोरं प्रिंटसकट बुडवत होती. वॉशने व्हेंटची तोंडं लिंपली जात होती. वॉशबद्दल सांगायचं तर, तो उष्णता थोडी उशिरा आत जाऊ देतो, भेगेत धातू घुसायला आडकाठी करतो, पण पाण्याचा वॉश नीट वाळला नाही तर ब्लो होलची आणखी एक खाण. कोल्हापूरच्या पावसात ही काळजी दुप्पट घ्या. कोल्ड बॉक्सचा कोअर दमट हवेत तसाही ताकद गमावतो. जुलैमध्ये कोअर दोन दिवस रॅकवर ठेवून मग तुटतात म्हणून रेझिन वाढवणं म्हणजे छप्पर गळतंय म्हणून बादली मोठी घेणं.

दुपारच्या स्कॅबबद्दल. सकाळी येत नाहीत आणि दुपारी येतात, यातच निम्मं उत्तर आहे. सकाळी रिटर्न सँड (साच्यांतून परत आलेली वाळू) रात्रभर निवलेली असते, दुपारी तीच वाळू तिसऱ्या-चौथ्यांदा फिरून येते. मिक्सरमधून निघणाऱ्या वाळूत थर्मामीटर खुपसा. ४५-५० अंशांच्या वर असेल तर पुढचं सगळं त्यातूनच आलंय. अशा वाळूची कॉम्पॅक्टेबिलिटी (ठासल्यावर किती टक्के दबते ते) मिक्सरजवळ ४० येते, बेल्टवरून साच्यापर्यंत जाताना पाणी उडून ती ३३-३४ होते, आणि साच्याची कातडी ठिसूळ बसते. मिक्सरवाला रीडिंग बघून म्हणतो, माझं बरोबर आहे. त्याचंही खोटं नाही.

ग्रीन सँडमध्ये ५७३ च्या जोडीला पाण्याचा खेळ असतो. धातू लागताच कातडीतल्या पाण्याची वाफ होते, ती मागे पळते आणि काही मिलिमीटर आत थंड वाळूत पुन्हा पाणी होऊन बसते. तिथे एक ओला पट्टा तयार होतो, मूळ ओलाव्याच्या दुप्पट आणि त्याहूनही ओला. साच्यातला सगळ्यांत दुबळा थर तोच. समोरची कोरडी कातडी फुगून जागा मागते, मागचा ओला पट्टा तिला धरू शकत नाही, आणि ती पापडासारखी सुटते. या पट्ट्याची पकड मोजायची चाचणी म्हणजे वेट टेन्साइल. तुमच्या रिपोर्टमध्ये ग्रीन कॉम्प्रेशन (ओल्या वाळूची दाबाला ताकद) आहे, वेट टेन्साइल नाही. ते सुरू करा. आपलं बेन्टोनाइट बहुतेक कच्छचं, सोडा ॲश घालून सोडियम प्रकारात आणलेलं. ते नीट सक्रिय झालेलं नसेल, तर ग्रीन कॉम्प्रेशन उत्तम दिसूनही वेट टेन्साइल पडतं. शिवाय धातूजवळच्या थरातलं बेन्टोनाइट ६००-७०० अंशांच्या वर मरतं, पुन्हा पाणी घालून जिवंत होत नाही. जड जॉब वाढले की ही मर वाढते, आणि भर मात्र आपण जुन्याच हिशेबाने घालत राहतो.

वाळू थंड करण्याचा उपाय पाणीच, पण योग्य जागी. वाळूतून १ टक्का पाण्याची वाफ झाली की ती साधारण २५ अंशांनी निवते. ते पाणी शेकआउटनंतर बेल्टवर शिंपडा, हवा लागू द्या, वाफ निघून जाऊ द्या. मिक्सरमध्ये जास्त पाणी ओतून हे साधत नाही, तिथे वाफ आतच कोंडते. तोपर्यंत या कव्हरपुरतं एवढं करा: एक गेट (धातू साच्यात शिरायची वाट) वाढवून साचा लवकर भरा. सपाट जॉबला वरच्या साच्याची कातडी धातू लागायच्या आधीच खालच्या लाल धातूच्या झळीने भाजून निघते. साचा भरायला जितका वेळ लागेल तितकी ती जास्त वेळ भाजते. साचा थोडा तिरका ठेवूनही फरक पडतो.

तुम्ही शेवटी सहज विचारलंय, की शेजारच्या ॲल्युमिनियमवाल्याला वेनिंग का येत नाही. तो ७००-७५० ला ओततो, त्याच्या कोअरची वाळू बहुतेक जागी ५७३ पर्यंत पोहोचतच नाही. पण त्याचं दुखणं उलटं. रेझिन पुरतं जळत नाही, आणि कोअर आतून निघता निघत नाही. सोडियम सिलिकेटवाल्यांचं आणखी तिसरंच. त्यांचा बाइंडर जळत नाही, ८०० च्या पुढे काचेसारखा वितळतो आणि निवल्यावर दगड होतो. फेटलिंगवाले (जॉब साफ करणारे) छिन्नी घेऊन शिव्या घालतात त्या त्यासाठी.

शेवटी कामाचा क्रम. उद्या रेझिन १.२ आणि तापमान १४००, बाकी काही नाही, पन्नास जॉब. ब्लो होल गेले पाहिजेत. मग फक्त पोर्टच्या कोअरला दीड टक्का रेड ऑक्साइड, पुन्हा पन्नास. मग तापवलेली वाळू. दोन बदल एकाच दिवशी करू नका, मालक मागे उभे असले तरीही. मी तरुणपणी एका आठवड्यात वाळू, वॉश आणि गेटिंग तिन्ही बदलून रिजेक्शन खाली आणलं होतं. पाठीवर थाप मिळाली. चार महिन्यांनी पावसात तेच वेनिंग परत आलं, आणि तिन्हीतल्या कशाने ते गेलं होतं हे मलाच ठाऊक नव्हतं.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा साचा भरायला लागणारे सेकंद, दुपारी दोन वाजताचं मिक्सरमधल्या वाळूचं तापमान आणि प्रिंटच्या भोकाचा फोटो एवढं पाठवा.